हौदातली पिलावळ

11 जानेवारी, नाशिक
थंडी कडाक्याची. सकाळी थर्मामीटर हौदात सोडला तर 13 अंश. मासे तळाशी, एकमेकांच्या कडेला, कल्ले तेवढे हलतायत. आईचं रोजचं टुमणं, ‘अरे, दोन दाणे तरी टाक, उपाशी आहेत बिचारे.’ गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं, आणि गारठ्यात ते पचायला फार वेळ लागतो, हे तिला कितव्यांदा तरी सांगितलं. तिचं म्हणणं, जठर नसेल तर भूक लागणारच!

दुकानदार अजूनही गोल्डफिशबरोबर हीटर गळ्यात मारतात. हा मासा मुळात थंड पाण्यातला. त्याच्या अंगात वीण धरायची तीही याच थंडीत. वर्षभर कोमट टाकीत ठेवलेली जोडी बरेचदा विणीचं नाव काढत नाही.

2 फेब्रुवारी
नर-मादी ओळखायचे दिवस आले. नरांच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या काठावर पांढरे बारीक पुरळ उठलेत. नवखे लोक याला रोग समजून मीठ-औषध सुरू करतात. रोगाचे ठिपके अंगभर पसरतात, हे ठरलेल्या जागीच येतात. मादी वरून बघायची. पोट एका अंगाला किंचित जास्त सुटलेलं दिसतं.

वरून बघण्यात मजा वेगळीच. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी तळ्यांतल्या मातकट माशांतून चुकून निघणारे पिवळे-केशरी मासे वेगळे काढून वाढवायला लागले, पुढे ते मातीच्या रांजणांत आले. काचेची टाकी फार नंतरची. कित्येक शतकं माणसांनी या माशांची निवड पाठीकडून, शेपटीच्या पसाऱ्याकडे बघत केली आहे. हौदवाला त्या अर्थी जुन्या वळणाचा.

हौद 8 फूट बाय 5, खोली 2 फूट, म्हणजे सव्वादोन हजार लिटरच्या आसपास. त्यात मोठे मासे सहाच. लोकांना हा हौद रिकामा वाटतो. सगळे कॉमेट, सडसडीत, एकेरी शेपटीचे. ओरांडा, ब्लॅक मूर ही जड अंगाची, मंद नजरेची मंडळी उघड्या हौदात आणणं म्हणजे ढोकरीला ताट वाढून देणं.

19 फेब्रुवारी
पाणी 18 वर. भद्रकालीतून काथ्या आणला. उकळून उकळून त्याचा तांबडा रंग पूर्ण जाईपर्यंत पाणी बदललं, मग झुबके बांधले. अंडी चिकट असतात, त्यांना धरायला काहीतरी हवंच. जलपर्णीची मुळं यासाठी झकास, आणि गोदावरीत तिला काही तोटा नाही. पण नदीतली जलपर्णी घरी आणली की तिच्याबरोबर गोगलगायी आणि चतुराच्या अळ्या येतात. चतुराची एक अळी पिल्लांच्या टबात पुरेशी आहे. आठवड्यात टब साफ.

माद्या जाळी लावून वेगळ्या केल्या. नर जाळीला नाक लावून उभे.

27 फेब्रुवारी
काल संध्याकाळी जाळी काढली, हौदातलं तिसरा हिस्सा पाणी काढून ताजं भरलं, झुबके सोडले. ताज्या पाण्याने त्यांना पाऊस आल्याचा भास होत असावा, हा माझा तर्क. पहाटे साडेपाचला पाण्याच्या फटकाऱ्यांनी जाग आली. तीन नर एका मादीच्या मागे, तिच्या कुशीला डोकी मारत तिला झुबक्यात ढकलतायत. ती अंगाला झटका देऊन अंडी सोडते, मागोमाग नर पाणी गढूळ करतात. हा धुमाकूळ नऊपर्यंत चालला. नाजूक, शोभेचा वगैरे समजला जाणारा मासा! मादीच्या अंगावरचे चार खवले उडाले.

धुमाकूळ संपला की तेच आईबाप अंडी टिपून खायला लागतात. झुबके लगेच टबात हलवले. अंडी टाचणीच्या डोक्याएवढी, मधाच्या रंगाची. शेकड्यांनी आहेत, मोजायच्या भानगडीत पडलो नाही.

3 मार्च
न फळलेली अंडी पांढरी पडून त्यांना बुरशीचे केस फुटले होते. मिथिलीन ब्लूचे थेंब टाकून ती बुरशी शेजारच्या अंड्यांत जाऊ दिली नाही. आज दुपारी पिल्लं फुटली. प्रत्येक पिल्लू पापणीच्या केसाएवढं, त्यात दोन डोळे. टबाच्या भिंतीला चिकटून लोंबकळतायत. पोटाला बलकाची पिशवी आहे तोवर खाणं टाकायचं नाही. टाकलं तर ते नुसतं सडतं.

6 मार्च
पिल्लं वर येऊन हवेचा घोट घेऊन सुटी पोहू लागली. आता खायला घालायची घाई. हिरवं झालेलं जुनं पाणी, कोबीची पानं कुजवून तयार केलेलं सूक्ष्मजीवांचं पाणी, आणि उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून. आमच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही. त्यामुळे ते गॅरेजमधल्या जुन्या शेगडीवर उकडतं आणि पांढरा भाग शेजारच्या काकांना जातो. काकांना माशांच्या विणीत रस आहे तो एवढाच.

बलक चिमूटभर जास्त झाला की पाणी नासतं. उरलेलं रोज नळीने ओढून घ्यायचं. पिल्लं वाढवणं म्हणजे पंधरा आणे साफसफाई.

30 मार्च
निवड. वाकड्या कण्याची, जुळ्या शेपटीची, तिरकी पोहणारी पिल्लं चमच्याने वेगळी केली आणि मोठ्या हौदात सोडली. तिथं त्यांचं काय होतं ते सांगायला नको. विणीवर लिहिणारे हा भाग एका ओळीत उरकतात. ज्याला हे जमणार नाही त्याने झुबके टाकूच नयेत, अंडी आईबापांना खाऊ द्यावीत. त्यात वाईट काही नाही.

22 एप्रिल
उन्हाचा तडाखा. चारला हौदाचं पाणी 31. गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो: 15 अंशांना लिटरमागे सुमारे 10 मिलिग्रॅम, 30 ला साडेसात. शिवाय रात्री वनस्पतीही तोच ओढतात, म्हणून पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून उभे दिसतात. लोक दुपारी कारंजं लावतात आणि रात्री बंद करतात, नेमकं उलटं. हिरवी शेडनेट बांधली, पंप रात्रभर चालू.

नळाचं पाणी क्लोरीनचं. पिंपात चोवीस तास उघडं ठेवून मगच हौदात.

14 जून
पहिला जोराचा पाऊस. महापालिकेच्या आरोग्य सेविका डासांच्या अळ्या बघायला आल्या. मोठ्या हौदात एकही अळी नाही. गोल्डफिश अळ्या गप्पीइतक्याच आवडीने खातो. पिल्लांच्या टबावर मच्छरदाणी बघून त्या हसल्या. ढोकरी मात्र भिंतीवर येऊन बसली आहे. हौदावर जाळी घट्ट ताणली.

9 जुलै
रंग सुटायला लागला. इतके दिवस सगळी पिल्लं मातकट, ओढ्यातल्या माशांसारखी. आता पोटाकडून पिवळेपणा वर चढतोय. काही जन्मभर मातकटच राहतात. आईला तीच आवडतात. तिच्या मते रंगीत मासे ‘बाजारातले वाटतात’.

3 ऑगस्ट
साठेक पिल्लं उरली आणि आता जागेचा प्रश्न. काकांनी सुचवलं, ‘अहो, सोडून द्या गोदावरीत, पुण्य लागेल.’ उजनी धरणात शोभेच्या टाकीतून सुटलेल्या सकरमाउथ माशांनी मच्छीमारांची जाळी कशी फाडली ते त्यांना सांगितलं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वॅस नदीत लोकांनी सोडलेले गोल्डफिश दोन किलोच्या घरात वाढले आहेत. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्यांची अंडी खातो. नदीत नाही, विहिरीत नाही, देवळाच्या कुंडातही नाही.

पुढच्या वर्षी झुबके टाकणार नाही. आहेत ती पिल्लं फुकट देणार. ज्यांच्याकडे हौद किंवा निदान दोनशे लिटरची टाकी आहे त्यांनी सकाळी नऊच्या आत यावं, झाकणाची बादली सोबत आणावी. काचेचा गोल बाउल घेऊन येणाऱ्याला चहा मिळेल, मासा मिळणार नाही.