आधी थांबणे, मग धावणे

गतवर्षी आम्ही १९५८ सालची मॉरिस मायनर विकत घेतली, तेव्हा घरच्या बालगोपाळांनी दुसऱ्याच दिवशी सिंहगडाच्या पायथ्याचा बेत ठरविला. मी मोडता घातला. या गाडीत पायब्रेकचा जोर चारही चाकांना तेलाच्या एकाच जाळ्यातून पोचतो. एके ठिकाणी मोठी गळती झाली की चारही चाके बेलगाम! म्हणून इंजिनाआधी ब्रेकचे जुने होजपाईप व रबरी वॉशर बदलले, ओल शोषलेले ब्रेक ऑइल काढून नवे भरले. मग रेडिएटर धुतला, फॅनबेल्ट बदलला. महिनाभर एकट्यानेच गाडी चालवून पाहिली.

अखेर मातोश्री पुढील आसनावर विराजमान झाल्या. उतारावर गाडी हलकेच थांबली, तशा त्या उद्गारल्या, “थांबते हो शहाण्यासारखी!” माझे सारे श्रम फिटले.