बागेतले दोन दगड

१९७२ साली मी नऊ वर्षांची होते. फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या शेतात दादा विहीर खणत होते. पावसानं पाठ फिरवली होती, ज्वारीची ताटं गुडघ्याएवढी होऊन वाळून गेली होती. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि तिथे मिळालेली सुकडी पदराला बांधून आमच्यासाठी घेऊन यायची. दादा आणि काका सुरुंग लावून खडक फोडत. एका संध्याकाळी वर आलेल्या डबरात एक दगड निघाला. बाहेरून काळा, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत फिकट गुलाबी पाकळ्यांसारखे स्फटिक दाटीनं बसलेले. दादांनी तो माझ्या हातात दिला. त्या वर्षी विहिरीला पाणी लागलं नाही. तो दगड तेवढा लागला.

लग्न झालं, नोकरी लागली, भाड्याची घरं बदलली, तरी तो माझ्या ट्रंकेत राहिला. आज छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या रो-हाउसपुढे १२ बाय १८ फुटांची बाग आहे आणि तिच्या पूर्वेकडच्या भिंतीतल्या कोनाड्यात तो ठेवला आहे. बाग सजवायला मी सुरुवात केली ती खरं म्हणजे त्या दगडाला जागा हवी म्हणून.

२०२१ मध्ये मी शाळेतून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात भावानं गावचं माळवदाचं घर उतरवायला काढलं. भिंतींना ओल लागली होती, तुळया वाळवीनं पोखरल्या होत्या. घर ठेवणं शक्यच नव्हतं. लाकूड विकलं गेलं, पांढरी माती शेतात पसरली. उरलं ते ओसरीत मांडून भाऊ म्हणाला, "ताई, तुला काय न्यायचं ते ने, बाकी भंगारवाला उद्या येतोय." जातं, उखळ, तडा गेलेला रांजण, गोठ्यातली दगडी डोणी आणि पाणी तापवायचा तांब्याचा बंब एवढं मी टेम्पोत घातलं.

आणलेल्या वस्तू बागेत कशा मांडायच्या हे मला कुठे येत होतं? एका मासिकात मी जात्याच्या तळ्या पायवाटेत बसवलेल्या पाहिल्या होत्या. दिसायला फार देखण्या. मीही तशाच बसवून घेतल्या. आठवड्याभरानं मावशी राहायला आली आणि फाटकातच थांबली. "अगं माय, ज्याच्यावर माझ्या बहिणीनं अकरा माणसांचं दळण दळलं, त्याच्यावर तू चप्पल घालून चालणार का?" लग्नघरी हळद दळायच्या आधी जात्याला सुपारी-हळकुंड बांधतात, पूजा करतात, जात्याला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी मी ते पायाखाली घातलं होतं. त्याच दिवशी गवंड्याला बोलावून दोन्ही तळ्या उपटल्या.

आता खालची तळी कट्ट्यावर आहे. दर थोड्या महिन्यांनी पाथरवट येऊन तिला टाकी लावून जायचा, त्या टाकीच्या खुणा अजून बोटाला लागतात. त्या खडबडीत दगडावर मी सकाळी मूठभर बाजरी टाकते. दाणे वाऱ्यानं उडत नाहीत, खुणांत अडकून राहतात. चिमण्या, होले, साळुंक्या येतात. पहिल्या महिन्यात मी दाणे रात्रभर तसेच राहू दिले आणि उंदीर झाले. तेव्हापासून दिवेलागणीच्या आत तळी झाडून घेते. आईनं जात्यावर दळताना शेवटी कुंच्यानं पीठ गोळा करावं, तसंच हे काम आहे, फक्त उलटं.

कट्ट्याचं दर्शनी अंग बरेच दिवस उघडंच होतं. चंडीगडला लेकीकडे गेले असताना नेकचंद यांची रॉक गार्डन पाहिली. सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा रस्ते निरीक्षक. १९५७ पासून शहराच्या कडेच्या झाडीत गुपचूप फुटक्या फरश्या, कपबश्या, बांगड्या गोळा करून पुतळे घडवत राहिला. सरकारी जागेवर केलेलं ते काम उघडकीला यायला जवळजवळ १८ वर्षं लागली आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. बांगड्यांच्या तुकड्यांनी मढवलेल्या बायकांच्या त्या रांगेसमोर मी खूप वेळ उभी होते.

परत आल्यावर गल्लीतल्या बायकांना सांगून ठेवलं की वाढवलेल्या बांगड्या मला द्या. आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तुकडे मागतानाही मी तोच शब्द वापरला. पिशव्या भरून तुकडे जमले. लाल, हिरवे, सोनेरी वर्खाचे. पांढऱ्या सिमेंटात ते एकेक बसवायला मला दीड महिना लागला. धारदार कडा आत आणि गोल पाठ बाहेर, असं प्रत्येक तुकड्याचं तोंड पाहून लावावं लागतं, नाहीतर लहान मुलांचे हात कापतात.

काम अर्ध्यावर असताना मावशी पुन्हा आली. ते २०२२ चं वर्ष होतं. त्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता आणि ती बातमी मावशीनं शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली होती. तिनं पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. मावशीचे यजमान गेले त्या दिवशी बायकांनी तिच्या हातातल्या ज्या फोडल्या, त्या. तिनं त्या वेचून एकतीस वर्षं ठेवल्या होत्या. "ह्याही लाव," एवढंच म्हणाली. मी त्या कट्ट्याच्या मधोमध, जात्याच्या बरोबर खाली लावल्या. दुपारी चारच्या उन्हात तेवढा पट्टा उजळतो.

पाण्याचं सांगायला हवं, कारण त्यावाचून आमच्या शहरातल्या बागेबद्दल काही बोलणं खरं होणार नाही. जायकवाडी धरण इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवर, पण नळाला पाणी येतं ते कधी सहा, कधी आठ, कधी दहा दिवसांनी. पिण्याचं पाणी पिंपात साठवताना गुलाबाला बादली ओतायला हात धजत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझा मोगरा जळला, जास्वंद अर्धी वाळली.

तेव्हा मला पाणचक्की आठवली. शाळेच्या सहलींत मी मुलींना तिथे नेत असे. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून तिथवर आणलेलं आहे. १६१० मध्ये मलिक अंबरनं खडकी गाव वसवलं, तेच पुढे हे शहर झालं, आणि त्या वसाहतीला पाणी पुरवलं तेही त्यानं बांधलेल्या नहरींनी. पाण्याला मातीच्या पोटातून न्यायचं ही इथली जुनी रीत आहे. मी कुंभारवाड्यातून सात कोरी मडकी आणली, आतून-बाहेरून कसलाही रंग नसलेली, आणि झाडांच्या मुळांजवळ गळ्यापर्यंत पुरली. तोंडावर जुनी कौलं झाकण म्हणून ठेवली. मडकं भरून ठेवलं की पाणी भिंतीतून पाझरत राहतं. माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी. ऐन मे महिन्यात माझी मडकी चार-पाच दिवस पुरतात. मोगऱ्याला पुन्हा पालवी आली.

एक चूक केली. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून तेच मडक्यांत ओतत राहिले. त्यात क्षार जास्त असतात. दीड वर्षात मडक्यांच्या कडांवर पांढरे थर चढले, भिंतीतली छिद्रं बुजली आणि पाझर थांबला. तीन मडकी काढून नवी पुरावी लागली. आता ते पाणी फरशी पुसायला वापरते.

याहून मोठी चूक २०२३ च्या पावसाळ्यात झाली. डोणीत मी पाणी भरून कमळाचा कंद लावला होता. शिवाय नातवानं गोळा केलेल्या बाटल्या, फुटके मग, स्कूटरचं जुनं झाकण असं बरंच काही कुंपणाला टांगलेलं होतं आणि मला त्याचं कौतुक होतं. श्रावणात यजमानांना ताप भरला. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स तीस हजारांखाली गेल्या, सहा दिवस ते दवाखान्यात होते. महापालिकेच्या कर्मचारी ताई तपासणीला आल्या. त्यांनी टॉर्च मारून दाखवलं तेव्हा डोणीत आणि चार मगांत अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. भांडं आतून घासावंच लागतं. त्या दिवशी कुंपणावरची प्रत्येक वस्तू मी उतरवली. जिच्या बुडाला भोक पाडता आलं तीच परत गेली. डोणीत आता गप्पी मासे आहेत.

दवाखान्यातल्या त्या सहा रात्रींत मी बागेचा फार विचार केला. दिसते छान म्हणून वस्तू ठेवायची, एवढ्यावर मी इतके दिवस चालले होते. जात्यावर पक्षी जेवतात, मडकी झाडांना पाजतात, रांजणात गांडूळखत होतं. बंबात गवती चहा लावलाय, त्याच्या उन्हानं तापलेल्या तांब्याजवळ हिवाळ्यात मांजर येऊन बसतं. ज्याला काम आहे त्याच्याकडे रोज हात जातो आणि हात जातो तिथे पाणी साचून राहत नाही. कुंपणावरच्या मगांकडे माझा हात दोन महिन्यांत एकदाही गेला नव्हता.

विहिरीतल्या दगडाला मात्र काहीच काम नाही. तो मी आधी उघड्यावर, तुळशीपाशी ठेवला होता. उन्हात तापायचा आणि वरून पाणी पडायचं. स्फटिकांचे पापुद्रे सुटायला लागले. आमच्या शाळेतले भूगोलाचे सर घरी आले होते, त्यांनी तो उचलून निरखला. वेरूळच्या लेण्यांबाहेर विक्रेते पर्यटकांना दाखवतात त्याच जातीचा हा, स्टिल्बाइट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर झिरपलेल्या पाण्यानं त्यांत हे स्फटिक घडवले. सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. या दगडाच्या कुळाला झिओलाइट म्हणतात, ग्रीक भाषेत उकळणारा दगड, कारण तापवला की त्यातून वाफ निघते. स्टिल्बाइटच्या वजनात सुमारे १८ टक्के पाणीच असतं.

दुष्काळाच्या वर्षी कोरड्या विहिरीतून दादांनी मला जे दिलं, त्यात पाणी होतं. हे सांगायला दादा नव्हते. मी भावाला फोन करून सांगितलं.

आता दुसरा दगड. २०२४ च्या उन्हाळ्यात जुन्या शहरात एका रस्त्याच्या कामात काही जुनी बांधकामं पाडली गेली. मी रिक्षातून जात होते. ढिगाऱ्यात एक कोरीव तुकडा दिसला, अर्धं कमळ आणि त्याच्या देठाशी एक पोपट. मी उतरले, तिथल्या मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, न्या की, हे सगळं भरावात जाणार आहे. भरावात जाण्यापेक्षा माझ्या बागेत बरं, असं म्हणून मी तो रिक्षात ठेवला आणि चौथ्या दिवशी कोनाड्याशेजारी सिमेंटनं बसवून टाकला. येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबायचा.

इतिहास शिकवणारी माझी मैत्रीण आली, तीही थांबली. पण तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. १०० वर्षांहून जुनं शिल्प कायद्यानं पुरावस्तू ठरतं, तिनं सांगितलं. तो कायदा १९७२ चा आहे. माझ्या विहिरीचंच वर्ष. "तुझ्या जात्यावर तुझा हक्क आहे," ती म्हणाली, "याच्यावर कसला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिमेंट फोडून दगड काढताना कमळाची एक कड उडाली. ती माझ्या हातून उडाली, हे मी विसरणार नाही.

विद्यापीठाच्या आवारात सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. तिथे आम्ही दोघी दगड घेऊन गेलो. अधिकारी अतिशय सौजन्यानं बोलले, रागावले नाहीत. त्यांनी फक्त प्रश्न विचारले. ढीग नेमका कुठल्या घरासमोर होता? भिंतीचा तुकडा की दारावरच्या पट्टीचा? जवळ आणखी कोरीव दगड होते का? उरलेलं अर्धं कमळ? मला एकही सांगता येईना. मी पुन्हा त्या रस्त्यावर जाऊन पाहिलं, तोवर तिथे नवी गटार झाली होती आणि ढिगाचा मागमूस नव्हता. मी त्या दिवशी मोबाइलवर एक फोटो जरी काढला असता तरी त्यातून पुष्कळ काही कळलं असतं. दगड वाचला, पण तो कुणाच्या दारावर होता हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्यामुळे. कागदावर 'सापडल्याचं ठिकाण' या रकान्यात 'निश्चित माहिती नाही' असं लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली.

आपल्या शहरात अजून पुष्कळ पाडापाड व्हायची आहे. ढिगाऱ्यात कोरीव दगड दिसला तर कृपा करून तो हलवू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारच्या दुकानाचं किंवा घराचं नाव लिहून घ्या, आणि त्याच दिवशी पुरातत्त्व विभागाला कळवा.