व्हायोलेटची जेली

मॅडिसन, विस्कॉन्सिन

चि. मुक्ता,


तू पाठवलेल्या फोटोतली फुलं रानव्हायोलेटचीच. आमच्या विस्कॉन्सिनचं राज्यफूल तेच आणि तुमच्या न्यू जर्सीचंही. जेली जरूर कर, पण साखर आणि लिंबू निम्म्यावर आणायचा विचार सोडून दे. त्यासाठीच एवढं लिहितेय.

गुलकंदात पाकळीच खायची असते. जेलीत फूल गाळून टाकायचं. त्याचा रंग आणि हलकासा वास तेवढा उरतो. जेली धरायला लागणारं पेक्टिन या फुलात नाही, टिकायला लागणारा आंबटपणाही नाही. हे दोन्ही आपण पुरवायचं. साखर कमी पडली की नेहमीचं पेक्टिन धरत नाही, सरबत होतं. कमी साखरेसाठी वेगळं पेक्टिन मिळतं, हवं तर ते आण आणि त्याच्याच कृतीने कर. लिंबाच्या रसात मात्र काटछाट मुळीच नको. पीएच 4.6च्या वर गेला तर बंद बरणीत, हवा नसताना, बोटुलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, म्हणून बाटलीतला रस घे.

फुलं दव सुकल्यावर खुड. हिरवळीवर औषध फवारलेलं नसावं. रस्त्याकडेची तर नकोतच. कुंडीतलं आफ्रिकन व्हायोलेट नावापुरतंच व्हायोलेट, ते खायचं नाही. खुडल्याने रोपाचं काही बिघडेल ही भीती मनात ठेवू नकोस. वसंतातल्या या देखण्या फुलांना बी फारसं धरतच नाही. धरतं ते पुढे उन्हाळ्यात मातीलगत येणाऱ्या, कधीच न उमलणाऱ्या फुलांना. पानं तेवढी राहू दे. फ्रिटिलरी फुलपाखरांच्या अळ्या त्यांच्यावरच जगतात. हे कळल्यापासून मी हिरवळीतला व्हायोलेटचा कोपरा कापू देत नाही.

देठ आणि हिरवा भाग काढून 2 कप फुलांवर 2 कप उकळतं पाणी ओत, रात्रभर झाकून ठेव. सकाळी गाळलेलं पाणी निळसर दिसेल. त्यात पाव कप लिंबाचा रस घातलास की डोळ्यांदेखत गुलाबी होतं. शाळेत जास्वंदीच्या अर्कावर केलेला प्रयोग आठव, तेच हे अँथोसायनिन. मग 4 कप साखर, खळखळून उकळी, द्रव पेक्टिनचं 3 औंसांचं पाकीट, आणि ढवळूनही न बसणारी उकळी एक मिनिट.

गरम बरण्या काठाखाली पाव इंच सोडून भर, काठ पूस, झाकणं लाव, आणि उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून 10 मिनिटं ठेव. जुन्या पुस्तकांत वर मेण ओतायला सांगतात. ते नको, मेण कडेने सुटतं आणि बुरशी शिरते. दुसऱ्या दिवशी झाकण मधोमध दाबून बघ. खालीवर झालं तर ती बरणी फ्रीजमध्ये ठेवून आधी संपवा. बाकीच्या अंधारात ठेव, उजेडात रंग विटतो.

ताईसाठी बरणी नेणार असशील तर मोठ्या बॅगेत घाल. हातातल्या सामानात जेली विमानतळावर काढून घेतात.

तुझी,
मावशी