तुकडीचा हिशेब

काल काय जेवलो हे माणूस आज विसरतो. त्याची हाडे मात्र विसरत नाहीत. ज्या रसायनशास्त्राला मॅट्रिकनंतर मी दुरूनच नमस्कार केला, त्यानेच हे दाखवून दिले आहे. आणि हे वाचल्यापासून मी पंक्तीत वाढताना ताटांकडे जरा निराळ्याच नजरेने पाहू लागले आहे.

इटलीत नेपल्सच्या आखाताकाठी हर्क्युलेनियम नावाचे गाव होते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी उसळला, तेव्हा पुष्कळ गावकरी किनाऱ्यावरच्या दगडी कमानींत जीव मुठीत धरून बसले. तप्त राखेच्या लोटाने त्यांना तिथेच गाठले. १९८० पासून झालेल्या उत्खननांत त्या किनाऱ्यावर ३०० हून अधिक माणसांचे सांगाडे सापडले.

आता या हाडांना बोलते कसे करायचे? हाडात कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते आपल्या अन्नातूनच घडते आणि फार सावकाश बदलते; म्हणजे त्यात एका दिवसाचे नव्हे, कित्येक वर्षांचे जेवण मुरलेले असते. नायट्रोजनचे अणू हलके असतात तसे थोडे जडही असतात. लहान माशाला मोठा खातो, मोठ्याला त्याहून मोठा, आणि दर पायरीला जड अणूंचे प्रमाण वाढत जाते. समुद्रात या पायऱ्या जमिनीपेक्षा जास्त. म्हणून मासळीवर वाढलेले हाड निराळे आणि गहू-भाजीवर वाढलेले निराळे.

२०२१ मध्ये यॉर्क विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने हर्क्युलेनियमच्या १७ प्रौढांची हाडे अशी तपासली गेली. गाव एक, समुद्र एक, मरणाची घटकाही एक. पण पुरुषांच्या आहारातील प्रथिनांत समुद्राचा वाटा बायकांच्या सरासरी दीडपटीहून अधिक निघाला! मासेमारी पुरुषांकडे असेल, समाजात त्यांचा मान मोठा असेल, अशी कारणे संशोधक सुचवतात.

मला मात्र आमच्या कोकणातल्या घराची पंगत आठवली. आधी पुरुष, मग मुले, शेवटी आई. "मला सारच आवडतं," असे ती म्हणायची आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेले सार भातावर ओढून घ्यायची. ती आवड खरी की सोयीची, हे आता कोणाला विचारणार? तिची तर रक्षाही त्याच समुद्रात मिळाली.

रोमन लोकांनी मेजवान्यांची वर्णने हौसेने लिहिली. पण घरातल्या बाईच्या ताटात काय पडले, याचा हिशेब शेवटी हाडांनाच ठेवावा लागला. आपल्याला तेवढे थांबायचे कारण नाही. भाऊबीज सरेल, घरात पुन्हा मासळी शिजेल. तेव्हा वाढणारीची तुकडी आधी बाजूला काढून ठेवा. "मला सारच आवडतं," असे ती म्हणाली, तरीसुद्धा.