चौदा इंच समुद्र

घरात समुद्र ठेवलाय म्हटलं की पाहुणे आधी माशांची चौकशी करतात. कोणते, केवढ्याला पडले, खातात काय. माझी सकाळ मात्र गोड्या पाण्याच्या कॅनने सुरू होते. सांगलीत खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची तर हात सतत गोड्या पाण्यात लागतो, हे नव्याने या छंदात पडणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या भेटीतच सांगते.

माझी टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि जेमतेम चौदा इंच उंच आहे. माप ऐकून काचवाल्याने पुन्हा विचारलं होतं, "ताई, उंची बरोबर सांगितली ना?" दुकानातल्या टाक्या उंच असतात, कारण त्या सोफ्यावर बसून समोरून बघायच्या असतात. ही कंबरेइतक्या स्टँडवर ठेवून वरून बघायची. गुहागर-वेळणेश्वरकडे उधाणाची ओहोटी लागली की खडकांत डबकी उरतात. त्यांत आपण वाकूनच बघतो. माशाची पाठ दिसते, कोळंबीच्या मिशा दगडाच्या फटीतून चाचपडताना दिसतात, सावली पडली की सगळं क्षणात कपारीत जातं. मला घरात तेच हवं होतं. शिवाय उथळ टाकीत हात तळापर्यंत पोचतो आणि दिवा फार जोरकस लागत नाही. सगळ्यात मोठा फायदा प्राणवायूचा. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच. पाणी जितकं तापेल तितका तो आणखी घटतो. तेवढंच पाणी दुप्पट उंच टाकीत भरलं तर हवेला भिडणारा पृष्ठभाग निम्मा होतो.

पण जो पृष्ठभाग प्राणवायू आत घेतो, तोच पाणी बाहेर सोडतो. दगड-वाळू घालून माझ्या टाकीत दोनशे लिटरच्या आसपास पाणी उरतं. एप्रिल-मे महिन्यांत, कोरडा वारा सुटलेला असताना, त्यातलं पाचेक लिटर रोज उडून जातं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. लिटरला ३५ ग्रॅमची क्षारता एका दिवसात ३६ ला टेकते आणि दोन दिवस लक्ष दिलं नाही तर पावणेसदतीसवर जाते. आकडा किरकोळ वाटतो. पण खुल्या समुद्रातल्या जिवाने एवढा बदल दोन दिवसांत कधी पाहिलेलाच नसतो. माशाला कल्ले आणि मूत्रपिंडं आहेत, तो तोल सांभाळतो. गोगलगाय किंवा समुद्रतारा यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारट असतं. बाहेर बदललं की आतही बदलतं. समुद्र प्रचंड असल्यामुळे स्थिर राहतो. दोनशे लिटरना ती स्थिरता कुणीतरी रोज द्यावी लागते.

म्हणून रोज सकाळी क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. काचेच्या तिरप्या तुकड्यावर टाकीतल्या पाण्याचे दोन थेंब सोडायचे, झाकण अलगद टेकवायचं, खाली बुडबुडा राहिला तर पुन्हा, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वर निळं, खाली पांढरं, मधली रेघ ३५ वर हवी. मग कमी झालेली पातळी गोड्या पाण्याने भरायची, एकदम न ओतता बारीक धारेने. आता त्यासाठी फ्लोट व्हॉल्व्ह बसवलाय, पण डोळ्याने रेघ बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

साताऱ्यात दादाकडे अशीच टाकी आहे, मापही तेच. तिचं वागणं निराळं. जुलैमध्ये तिथली हवा इतकी ओली असते की टाकीतलं पाणी हलतच नाही. वहिनी आठवड्यातून एकदा लोटाभर घालतात. उलट सांगलीच्या उन्हाळ्यात खोली ३६ अंशांवर गेली तरी मी टाकीवर दोन छोटे पंखे लावून पाणी २८ च्या आत राखू शकते, कारण कोरड्या हवेत माठ जसा गार होतो तसंच हे घडतं. चिलर घ्यायची गरज मला अजून पडलेली नाही. पंख्यांमुळे पाणी जास्त उडतं, एवढं लक्षात ठेवायचं.

पातळी भरायचं हे गोडं पाणी थेट नळाचं चालत नाही. क्षार, क्लोरिन, कधी फॉस्फेट, सगळं साठत जातं. आरओ लावून आणि पुढे रेझिनमधून गाळून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. नळाच्या या पाण्याची वाटही गमतीची आहे. कोयनेच्या पाण्याचा मोठा वाटा बोगद्यांतून पोफळीकडे उतरून, वीज करून, वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत जातो. उरलेलं कऱ्हाडला कृष्णेला मिळून आमच्याकडे येतं. सह्याद्रीच्या पूर्वेला वळलेल्या त्या पाण्यात मीठ घालून मी त्याचा समुद्र करते, याचं मला रोज अप्रूप वाटतं.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं मीठ नव्हे. समुद्राच्या एका लिटरमध्ये क्लोराइड आणि सोडियम मिळून ३० ग्रॅम भरतात. उरलेल्यात सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ ग्रॅम. या उरलेल्यावरच शिंपलं, कवच आणि दगडावरचा गुलाबी थर उभा राहतो. तयार मिश्रण मिळतं ते वापरावं. हलत्या पाण्यात मीठ थोडं थोडं सोडायचं. मिठावर पाणी ओतलं तर कॅल्शियम चुन्याच्या साक्यासारखं तळाला बसतं आणि ते परत विरघळत नाही. कोकणातून कॅन भरून आणणारे मित्र आहेत. उन्हाळ्यात, खाडीच्या मुखापासून लांब भरलेलं असेल तर ते पाणी उत्तम. पावसाळ्यात आणि गणपतीच्या सुमाराला नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा नको.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे सगळं समजावून सांगावं लागत नाही. पीएच, ईसी, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. पण त्यांच्याकडच्या टाकीला एक धोका आहे आणि तो मी ठासून सांगते: मोरचूद. केवडा रोखायला बोर्डो मिश्रण फवारतात, त्यातलं तांबं कोळंबी, गोगलगाय, खेकडा यांना अगदी थोड्या मात्रेतही मारतं. फवारणीची बादली, फवारणीचा पाइप, धुतला आहे असं वाटणारा हातसुद्धा टाकीत नको. टाकीच्या बादल्या वेगळ्या, त्यांच्यावर रंगाने खूण, आणि त्या घरात कुणी दुसऱ्या कामाला घ्यायच्या नाहीत.

आता दगड. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. तो टाकीत घातला तर अपाय नाही, पण तो घट्ट आहे, आणि टाकीला सच्छिद्र दगड लागतो. दगडाच्या बाहेरच्या अंगावर जे जिवाणू राहतात ते माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. आत खोल, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन करून हवेत सोडतात. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६० च्या सुमारास समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या चालवून दाखवल्या, त्या याच बळावर. साताऱ्यात कुणीतरी कास पठारावरून जांभा आणावा असं सुचवलं होतं. जांभ्यात लोह, आणि कास २०१२ पासून जागतिक वारशात. तिथला खडा उचलायचा नाही.

मी दगड घरी बनवते. अंड्यांच्या कोंबड्यांना खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आपल्याकडे पोत्याने मिळतो. चार भाग चुरा, एक भाग सिमेंट, दोन भाग खडे मीठ, पाणी कमीत कमी. पाटीत ओली वाळू घेऊन तिला मुठीने, कोपराने खड्डे पाडायचे, मध्ये ओल्या वाळूचे गोळे ठेवायचे म्हणजे पुढे त्यांच्या गुहा होतात, आणि त्यावर हे मिश्रण थापायचं. दोन दिवसांनी काढलं की दगड करडा, कुरूप आणि जड असतो. पाण्यात टाकला की मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. खरी परीक्षा इथून पुढे. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पीएच बारापर्यंत जातो. पाणी बदलत, मोजत, दीड-दोन महिने थांबावं लागतं. साडेआठच्या खाली पीएच टिकला की दगड टाकीत जातो. त्यानंतर पुन्हा चार ते सहा आठवडे, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, मासा नाही. या काळात रिकाम्या टाकीकडे बघून घरचे कंटाळतात. मला हाच काळ सगळ्यात आवडतो. आधी तपकिरी थर चढतो, मग हिरवा, मग तो गोगलगायी खाऊन टाकतात, आणि काही महिन्यांनी एखाद्या कडेवर नखाएवढा जांभळट-गुलाबी ठिपका उमटतो. ते चुनायुक्त शैवाल. ते पसरायला लागलं म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट नीट आहे असं समजायचं.

माझ्या टाकीत प्रवाळ नाही. प्रवाळाविना कसली रीफ, असं छंदातले लोक म्हणतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. २००१ मध्ये खडक बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघ जिथे आहे तिथेच. मुंबईचा सागरी किनारा मार्ग बांधताना हाजी अली आणि वरळीची प्रवाळंसुद्धा परवानगी घेऊन उचलून दुसरीकडे लावावी लागली. महाराष्ट्राचं प्रवाळ मालवणच्या खडकांत आहे, आणि विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाच्या आंग्रिया बँकेवर, वीसेक मीटर पाण्याखाली आहे. त्याने तिथेच असावं. माझ्याकडे हॅचरीत जन्मलेली क्लाउनफिशची जोडी आहे. त्यांना समुद्रफुलाची गरज लागत नाही. दगडाची एक गुहा त्यांनी घर म्हणून धरली आहे आणि तिच्यासमोर हात गेला की मादी बोटाला टोचते. ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात क्लाउनफिशची पैदास होते, हे या छंदाच्या दृष्टीने मला फार मोलाचं काम वाटतं. समुद्रातून पकडलेला मासा वाहतुकीतच खचतो. हॅचरीतला घरी आल्या दिवसापासून कोरडं खाद्य खातो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण वीज गेली आणि इन्व्हर्टर संपला. घरात गावभागातले नातेवाईक मुक्कामाला होते. मी टाकीला खाद्य बंद केलं. न खाल्लेला मासा कमी प्राणवायू घेतो आणि पाणीही कमी बिघडवतो. बॅटरीचा पंप रात्री, आणि दिवसा मामेबहिणीची मुलं पाळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतायची. सगळे जीव वाचले, ते मुलांच्या हातांमुळे आणि टाकी पसरट असल्यामुळे.

दर पंधरवड्याला मी चाळीस लिटर पाणी बदलते. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलं, "नारळाला घालू का गं? कोकणात मीठ घालतात की." चाळीस लिटरमध्ये १.४ किलो मीठ असतं. कोकणातल्या वाळूतून ते वाहून जातं. आपली काळी माती ते धरून ठेवते. सोडियमने चिकण फुगते, छिद्रं बुजतात, निचरा थांबतो. वाळवा, पलूस, मिरज भागात अति पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी मावशींनी माहेरी पाहिल्यात, त्यामुळे पुढे काही बोलावं लागलं नाही. ते पाणी मोरीत जातं. पाणी बदलायचं प्रमाण कमी व्हावं म्हणून खालच्या छोट्या टाकीत मी शैवाल वाढवते. ते नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतं. महिन्याला दोन-चार मुठी उपसावं लागतं. गोड्या पाण्यात दोनदा खळबळून धुतलं की ते मावशींच्या नारळाच्या अळ्यात जातं.