अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

मराठीत ‘ब्लॉक’ या शब्दाला एक जुना मान आहे. चाळीतली खोली, तिच्यासमोरची सामाईक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाचा सामाईक संडास यांतून सुटून स्वतःची मोरी, स्वतःचे स्वयंपाकघर आणि आतून कडी लागणारे दार ज्याला मिळाले, तो मुंबईचा मध्यमवर्गीय माणूस आपल्या घराला ब्लॉक म्हणू लागला, आणि ‘दादरला ब्लॉक घेतला’ एवढे वाक्य नातेवाइकांत उत्कर्षाची वार्ता म्हणून पुरत असे. हा अर्थ कानात घेऊन बेंगळुरूत गेलेल्या मराठी माणसाची कोरमंगलात थोडी फसगत होते. तिथे ब्लॉक म्हणजे घर नव्हे, तर वसाहतीचा एक मोठा तुकडा. कोरमंगलाचे असे आठ ब्लॉक आहेत. आणि याच कोरमंगलातल्या नॅशनल गेम्स व्हिलेज या गृहसंकुलात शिरले की ब्लॉकला तिसराच अर्थ चिकटतो, कारण तिथे प्रत्येक इमारतसमूह हा एक ब्लॉक असून त्याला नदीचे नाव आहे: कावेरी, गंगा, नेत्रावती. पत्ता विचारणाऱ्याला नदी सांगावी लागते, मग मजला, मग दाराचा आकडा.

हे संकुल भाड्याच्या राहणीचा विचार करायला फार सोयीचे आहे, कारण त्याचा जन्मच मुक्कामासाठी झाला. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा महाराष्ट्रात भरल्या तेव्हा पुण्याजवळ बालेवाडीला क्रीडानगरी उभी राहिली. पुढच्या, म्हणजे १९९७ च्या स्पर्धा कर्नाटकाकडे आल्या, आणि खेळाडूंना उतरवण्यासाठी कर्नाटक गृहनिर्माण मंडळाने कोरमंगलात ही घरे बांधली. शेजारी बंदिस्त क्रीडागृहही झाले. स्पर्धा संपल्या, खेळाडू गावोगावी परतले आणि सदनिका नागरिकांच्या हाती गेल्या. दिल्लीत १९८२ च्या आशियाई स्पर्धांनंतर जे एशियाड व्हिलेजचे झाले, तीच ही जात. ज्या खोल्यांत पहिल्यांदा झोपले ते लोक काही दिवसांचे पाहुणे होते, ही गोष्ट वास्तुशास्त्राच्या पुस्तकात कुठे दोष म्हणून नोंदलेली नसली, तरी तिथल्या जिन्यांवर, एकसारख्या खिडक्यांवर आणि फारशा आठवणी न धरणाऱ्या भिंतींवर तिची छाया आहे असे म्हणावेसे वाटते.

जमिनीचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. जवळच्या एका वसाहतीचे नाव ‘एस. टी. बेड’ असे आहे. महाराष्ट्रातल्या माणसाला त्यात लाल रंगाची बस दिसते, परंतु ती अक्षरे श्रीनिवागिलु टँक बेडची, म्हणजे श्रीनिवागिलु तलावाच्या तळाची आहेत. बेंगळुरूला मोठी नदी नाही. पावसाचे पाणी एका तलावातून दुसऱ्यात उतरवणारी तलावांची माळ आणि त्यांना जोडणारे ‘राजकालुवे’, अर्थात राजमार्गासारखे मुख्य ओढे, यांवर हे शहर जगले, आणि त्यातल्या एका मोठ्या खोऱ्याला आजही कोरमंगल-चल्लघट्ट खोरे असेच नाव आहे. मोठा पाऊस झाला की एस. टी. बेडच्या रस्त्यांवर पाणी साचते आणि तळघरातल्या गाड्या बुडतात. वर्तमानपत्रे त्याला पूर म्हणतात, पण पाण्याच्या बाजूने पाहिले तर ते आपल्या जुन्या जागी दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेले असते. नळाच्या पाण्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आणि कावेरी सुमारे १०० किलोमीटर दूर, खोलात. ते पाणी पंपांनी चढवून १९७४ पासून इथे आणले जाते. त्यामुळे नदीच्या नावाच्या इमारतीत राहणाऱ्याची सकाळही ‘नीरु बंता?’, म्हणजे पाणी आले का, या प्रश्नानेच सुरू होऊ शकते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तर टँकरचा भोंगा हा साऱ्या शहराच्या दिनचर्येतला ठळक आवाज होऊन बसला होता.

मोठ्या संकुलात भाड्याने राहण्याचा अनुभव घराच्या दारापाशी सुरू होत नाही. तो फाटकापाशी सुरू होतो. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या बिऱ्हाडकरूला मालक तोंडाने ओळखत असे आणि ही ओळख कधी जाचक, कधी आधाराची असे. संकुलात ओळखण्याचे काम फाटकाने घेतले आहे. आधी तिथे लांबलचक वही होती, जिच्यात नाव, गाडीचा क्रमांक, कोणाकडे आणि सही असे रकाने असत. आता अनेक ठिकाणी तिची जागा ॲपने घेतली आहे, आणि या प्रकारातले एक सर्वपरिचित ॲप, मायगेट, २०१६ मध्ये बेंगळुरूतच जन्मले. ॲपमध्ये प्रत्येक घरापुढे ‘ओनर’ किंवा ‘टेनंट’ अशी खूण असते. कामाला येणारी बाई कधी आत आली, जेवणाचा डबा कधी आला, रात्री कोण किती वाजता परतले, या सगळ्याची नोंद राहते, आणि गंमत अशी की या नोंदींत सर्वाधिक वेळा येणारे नाव बहुधा भाडेकरूचेच असते, कारण मालक पुष्कळदा दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असतो. जागेला रोज हात लावणारा एक आणि जागेचा धनी दुसरा, ही स्थिती मराठी-कन्नड मुलखाला अपरिचित नाही. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांकडे होते तेही जहागीर म्हणून, आणि जहागीर म्हणजे मालकी नव्हे, उत्पन्नावरचा हक्क.

फाटकाचा विषय निघाला म्हणून त्याच कोरमंगलातली एक समाधी सांगितली पाहिजे. सहाव्या ब्लॉकमधले हे स्मारक बेंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या सुनेचे, लक्ष्मीदेवीचे मानले जाते. लोककथा अशी की बेंगळुरूच्या किल्ल्याचा दरवाजा उभा राहीना, बांधावा आणि कोसळावा असे होऊ लागले, तेव्हा त्या गरोदर सुनेने रात्री जाऊन स्वतःचा बळी दिला आणि दरवाजा टिकला. कथा ऐतिहासिक कसोटीवर किती उतरते हा प्रश्न वेगळा. पण ज्या वस्तीत दर शंभर पावलांवर एक फाटक, एक आडवी दांडी आणि एक सुरक्षारक्षक आहे, तिथे फाटकासाठी जीव देणारीची समाधी एका बागेच्या कडेला निवांत असावी आणि घर बदलत राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असावी, हे या जागेच्या स्वभावाला शोभणारे आहे.

आता पैशाकडे वळावे, कारण भाड्याच्या घराचा खरा पाया तोच असतो. बेंगळुरूत अनामत रकमेला ‘अडव्हान्स’ म्हणतात आणि तिची जुनी चाल दहा महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. पुण्या-मुंबईहून आलेल्याला हा आकडा ऐकून पहिल्यांदा आपले ऐकण्यात काही चुकले असे वाटते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या नमुना भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली आहे. पण नमुना कायदा हा नमुनाच, राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणाच्या उंबऱ्यावर येत नाही. याहून जुनी एक रीत ‘लीज’ या नावाने चालते, जिला कन्नडात भोग्य म्हणतात: भाडेकरूने एकरकमी मोठी रक्कम मालकाला द्यायची, महिन्याचे भाडे काही नाही, आणि मुदत संपली की रक्कम बिनव्याजी परत. रकमेचे व्याज हेच भाडे, असा हा हिशेब आहे. मराठी मुलखातल्या जुन्या कब्जेगहाणाशी त्याचे नाते उघड आहे.

करार मात्र सगळीकडे अकरा महिन्यांचा. हा आकडा पंचांगातून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली, म्हणून लोकांनी वर्षाच्या अलीकडेच थांबायचे ठरवले, आणि त्यातून वर्षाला एक महिना कमी असलेले हे कालमापन देशभर रूढ झाले. महाराष्ट्रात ही पळवाट आता उरलेली नाही, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारही नोंदवावाच लागतो आणि त्याची जबाबदारी घरमालकावर आहे. शिवाय त्या करारात राहणारा मनुष्य कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतोच; तो परवानाधारक असतो, म्हणजे घर वापरण्याची परवानगी मिळालेला. बेंगळुरूत तो ‘टेनंट’ आहे, पुण्यात ‘लायसन्सी’. दोन्हीकडे सकाळी उठून तो तेच दूध तापवतो.

दुधाचा उल्लेख सहज आलेला नाही. कर्नाटकात नव्या घरात शिरताना पहिल्यांदा दूध तापवून उतू जाऊ देतात, आणि ही रीत भाड्याच्या घरालाही लागू आहे. आपल्याकडेही ती कित्येक घरांत पाळतात. मालकीचे घर असो वा अकरा महिन्यांचे, दुधाला तो फरक कळत नाही. मात्र भिंतीला कळतो. बहुतेक करारांत भिंतीला खिळे ठोकू नयेत अशी अट असते, आणि बहुतेक स्वयंपाकघरांत, ओट्याच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला, डोळ्यांच्या किंचित वर, आधीच्या कोणीतरी ठोकलेला एक खिळा असतोच. त्याचे डोके रंगाच्या दोन-तीन थरांखाली बुजलेले, मान थोडी खाली झुकलेली, भोवती चुन्याचा टवका उडालेला. मराठी कुटुंब राहायला आले की त्याच खिळ्यावर कालनिर्णय लागते. त्याआधी तिथे कदाचित व्यंकटेशाचे चित्र असेल, नाहीतर चहाची गाळणी. नवा खिळा ठोकला तर करारभंग होतो, जुना वापरला तर वारसा. या संकुलात एका भाडेकरूकडून दुसऱ्याला मिळणारी वारशाची वस्तू बहुधा एवढीच असते.

दुसरी गोष्ट गच्चीच्या कठड्याची. बाहेरून दिसतील असे कपडे कठड्यावर वाळत घालू नयेत, हा नियम लिफ्टमधल्या सूचनाफलकावर हमखास असतो. वर्षातून एक सकाळ अशी येते की मराठी घराच्या कठड्यावर उंच काठी, काठीला जरीचे वस्त्र आणि त्यावर पालथा गडू दिसू लागतो. त्याच सकाळी शेजारी युगादी असते, कारण दोन्हींचे पंचांग अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपवणारे, आणि म्हणून वर्षारंभ एकच. तिथे कडुनिंब आणि गूळ एकत्र वाटतात, इथे कडुनिंबाची चटणी, तिथे ओब्बट्टु आणि इथे पुरणपोळी. कठड्यावरचे ते वस्त्र नियमात बसते की नाही हे ठरवायला त्या दिवशी सहसा कोणी वर येत नाही.

संकुलाचा कारभार मालकांच्या असोसिएशनकडे असतो. मेंटेनन्स पुष्कळदा भाडेकरूच भरतो, पण वार्षिक सभेत मत मालकाचे. येण्या-जाण्याच्या सामानासाठी शुल्क, लिफ्टच्या वेळा, पोहण्याच्या तलावाचे पाहुणे, आणि ‘बॅचलर’ या एका शब्दात कोंबलेली सगळी अविवाहित माणसे यांबद्दलचे नियम अशा लोकांकडून ठरतात, ज्यांतले कित्येक त्या लिफ्टने महिनोन्‌महिने चढलेले नसतात. ही लोकशाही पाहिली की जुन्या चाळीतले भांडण बरे वाटू लागते. तिथे निदान भांडणाऱ्याला तिथेच राहायचे असे. आणि ज्या अविवाहितांना घर देताना इतकी खळखळ होते, त्यांनीच या वस्तीला नाव मिळवून दिले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे: फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झाली ती कोरमंगलातल्या दोन शयनगृहांच्या एका घरातून.

याच परिसरात, ईजिपुरात, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी बांधलेली घरे होती. त्यांतल्या काही इमारती कोसळल्या, लोक पत्र्याच्या निवाऱ्यांत राहू लागले, आणि जानेवारी २०१३ मध्ये महापालिकेने तेही पाडले. हजाराहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. पुनर्वसनाच्या वाटाघाटीत पहिला प्रश्न विचारला गेला तो मूळ लाभार्थी कोण आणि भाडेकरू कोण हा; वर्षानुवर्षे तिथे राहिलेल्यांपैकी जे भाडेकरू ठरले, ते यादीबाहेर गेले. संकुलातल्या भाडेकरूची गैरसोय आणि ईजिपुरातल्या भाडेकरूची उघड्यावरची रात्र यांत तुलना करणे अशोभनीय ठरेल, पण दोघांना बाहेर ठेवणारा रकाना एकच आहे.

‘बिऱ्हाड’ हा शब्द मराठीत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीमुळे सर्वांच्या तोंडी आहे. त्याच्या अगदी जवळचा कन्नड शब्द बिडार, म्हणजे तळ, मुक्काम. घर सोडण्याला कन्नडात ‘मने खाली माडुवुदु’ म्हणतात. खाली म्हणजे रिकामे; मराठी कानाला मात्र आधी दिशा ऐकू येते, आणि सामानाच्या लिफ्टमधून गाद्या, कपाट आणि कुंड्या उतरू लागल्या की दोन्ही अर्थ खरे होतात. जाणारा माणूस ॲपवर गेटपास मागतो, मालकाची संमती फोनवर येते, फाटकाची दांडी उठते. मग दोन दिवसांनी हिशेब होतो: अडव्हान्समधून विजेचे शेवटचे बिल वजा, मेंटेनन्स वजा, आणि रीतीप्रमाणे एक महिन्याचे भाडे रंगकामासाठी वजा. कराराच्या शेवटच्या पानावरची यादी समोर धरून पंखे, दिवे, गिझर, पडद्यांच्या दांड्या आणि किल्ल्या मोजून घेतल्या जातात. खिळा त्या यादीत नसतो. रंगारी त्याच्यावरून आणखी एक हात फिरवतो.