रिकाम्या घरांचें शास्त्र

पुष्कळ माहिती म्हणजेच ज्ञान, अशी एक समजूत सुशिक्षित कुटुंबांतही घर करून बसलेली असते. कोठीघर धान्यानें भरलेलें असावें, पण कोणता डबा कोठें आहे हें कोणासच ठाऊक नसावें, तशी पुष्कळांच्या विद्वत्तेची स्थिति असते. माहिती आपापल्या जागीं बसली म्हणजेच तिचें शास्त्र होतें. याचें एक सुंदर उदाहरण म्हणजे रसायनशास्त्रांतील मूलद्रव्यांची आवर्त सारणी.

आमचें आयुष्य मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलें. रसायनाशीं आमचा संबंध मॅट्रिकपुरताच. तेव्हां आम्हीं या विषयावर लेखणी उचलावी याचें कोणास नवल वाटेल. पण आमची नात यंदा दहावीला आहे, आणि ती रोज सायंकाळीं माजघरांत येरझारा घालीत ‘हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम’ असें घोकूं लागली. तिच्या आजीनें विचारलें, “हें कसलें गं स्तोत्र?” नात वैतागून म्हणाली, “याला ना अर्थ, ना चाल. नुसतीं नांवें!” त्यावर तिच्या वडिलांनीं निकालच देऊन टाकला, “मार्कांपुरतें पाठ कर. तुझें संस्कृत चांगलें आहे. पुढें आर्ट्‌सला गेलीस म्हणजे यांतून सुटशील.” हा निकाल आम्हांस रुचला नाहीं. मुलीनें एखादें शास्त्र सोडावयाचें तर तें समजून सोडावें. कंटाळून सोडूं नये.

तिचें पुस्तक हातीं घेऊन पाहतों तों ओळखीचाच मुलूख दिसला. उभे स्तंभ अठरा. त्यांस नांव ‘गण’. आडव्या ओळी सात. त्यांस नांव ‘आवर्त’. व्याकरणांतील धातुपाठांत धातूंचे दहा गण आहेत, आणि एका गणांतील धातु एका रीतीनें चालतात, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. येथेंही तोच न्याय. सोडियम कसें वागतें हें कळलें कीं त्याच्याच गणांतील पोटॅशियमचें वर्तन अर्धेंअधिक कळून चुकतें. दोन्ही चाकूनें कापण्याइतके मऊ, दोन्ही पाण्याचा स्पर्श होतांच खवळणारे.

आम्हीं नातीला पाटीवर क पासून म पर्यंतचे पंचवीस वर्ण पांच ओळींत लिहावयास सांगितले. ओळी उच्चारस्थानाच्या : कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ. स्तंभ प्रयत्नाचे : अघोष, घोष, अल्पप्राण, महाप्राण, अनुनासिक. मग त्यांतला ‘घ’ आम्हीं पुसून टाकला आणि विचारलें, “हा वर्ण तूं कधीं ऐकलाच नाहींस असें समज. येथें काय असावें?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “कंठ्य, घोष, महाप्राण.” आम्हीं म्हटलें, “न ऐकलेल्या वर्णाचे गुण तुला सांगतां आले. मेंडेलीव्हनेंही असेंच केलें.”

दिमित्री मेंडेलीव्ह याचा जन्म १८३४ सालीं सैबेरियांतील टोबोल्स्क येथें झाला. १८६९ सालीं त्यानें आपली सारणी प्रसिद्ध केली तेव्हां मूलद्रव्यें ठाऊक होतीं अवघीं ६३. त्यानें तीं अणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं, तों ठराविक अंतरानें तेच गुणधर्म फिरून येऊं लागले. जेथें क्रम बिघडूं लागला तेथें त्यानें ओढाताण करून कोणास बसविलें नाहीं. घर रिकामें ठेवलें. इतकेंच नव्हे, १८७१ सालीं त्यानें अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणही लिहून ठेवले, आणि त्यांस नांवें दिलीं एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन आणि एका-सिलिकॉन. यांतील ‘एका’ म्हणजे आपल्या संस्कृतांतील ‘एक’. त्याच गणांत एक घर खालीं, असा अर्थ.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्रां यास गॅलियम सांपडलें. त्याची घनता त्यानें ४.७ मोजली. मेंडेलीव्हनें कळविलें, ती ५.९ च्या सुमारास असली पाहिजे. नमुना शुद्ध नसावा. धातु शुद्ध करून पुन्हां मोजतां घनता ५.९ भरली! ज्यानें वस्तु डोळ्यांनीं पाहिली तो चुकला, आणि ज्यानें केवळ तिची जागा पाहिली तो बरोबर ठरला. पुढें १८७९ सालीं स्कँडियम व १८८६ सालीं जर्मेनियम सांपडून उरलेलीं दोन घरेंही भरलीं.

येथें एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. ‘एका’ हें नांव ऐकतांच आमचे एक स्नेही म्हणाले, “म्हणजे हेंही मूळचें आपलेंच!” मेंडेलीव्हच्या काळीं सेंट पीटर्सबर्ग येथें पाणिनीचा संपादक बोटलिंक हा थोर पंडित होता, हें खरें, वर्णमालेच्या रचनेवरून मेंडेलीव्हला सुचलें असावें, असें अनुमान कांहीं विद्वान करतात, हेंही खरें. पण नुसती अटकळ म्हणजे प्रमाण नव्हे. न्यायशास्त्र शिकलेल्या समाजास हा भेद कोणी शिकवावा लागूं नये. आपल्या पूर्वजांनीं ध्वनींची मांडणी केली, त्यानें द्रव्यांची केली. दोघांचेंही मोठेपण दुसऱ्याचें कांहीं न काढतां शाबूत राहतें.

शिवाय सारणीही प्रथम निर्दोष नव्हती. टेल्यूरियमचा अणुभार आयोडीनहून अधिक, तरी गुण पाहून मेंडेलीव्हनें टेल्यूरियम आधीं बसविलें. त्याचें कारण १९१३ सालीं मोझ्ली या तरुणानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दाखविलें. खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा, म्हणजे अणुकेंद्रावरील विद्युद्‌भाराचा. दोनच वर्षांनीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो गॅलिपोलीच्या रणांत पडला. अरगॉन, निऑन इत्यादि वायु तर १८९४ पासून पुढें सांपडले. त्यांच्यासाठीं अख्खा नवा स्तंभ जोडावा लागला, आणि तरीही इमारत ढासळली नाहीं. आज ११८ मूलद्रव्यें आहेत. शेवटच्या चारांचें नामकरण २०१६ सालीं होऊन सातवी ओळ पुरी झाली. १०१ क्रमांकाच्या घरास मेंडेलीव्हचेंच नांव आहे.

आतां नात तीं नांवें घोकतेच, कारण पाठांतराचेंही मोल आहे. पण कोण कोणाच्या खालीं कां बसतो हें ती आजीला समजावून सांगते. तिनें पुढें कोणती शाखा घ्यावी याविषयीं मुलाशीं आमचें बोलणें झालें, आणि तें घर तूर्त रिकामें ठेवावें, भरावयाचें तिचें तिनेंच, असें ठरलें.

वाचकहो, घरांतील मुलें प्रश्न विचारतात तेव्हां आपण वडीलधारीं माणसें कांहींतरी उत्तर देऊन ती जागा भरून टाकतों, कारण रिकामी जागा आपणांस कमीपणाची वाटते. मेंडेलीव्हची कीर्ति त्यानें भरलेल्या घरांइतकीच त्यानें मोकळ्या सोडलेल्या घरांवर उभी आहे. “हें अद्याप ठाऊक नाहीं, पण जें असेल तें साधारण असें असावें,” एवढें मुलांना विचारपूर्वक सांगतां आलें, तरी शिक्षणाचें निम्में काम घरींच झालें असें आम्ही समजतों.